गिऱ्हाईकाचे बूट

चाँद, तुझ्यावर पहिला अन्याय झाला तो संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ऐन करीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, काश्मीरच्या एका डोंगरावर. दुसरा झाला शिमग्यानंतरच्या पहिल्या बाजारी, धारूरच्या चावडीपुढं. पहिल्या वेळी तू जिवंत होतास. दुसऱ्या वेळी नव्हतास, त्यामुळं तो करणाऱ्यांना फारच सोपा गेला.

दवंडी मी या कानांनी ऐकली. "ऐका हो ऐका! चाँद खोगीरवाला बर्फात मेला, स्वतः शिवलेला पट्टा तुटून मेला, सरकारचा यात काही कसूर न्हाई होऽऽ!" हलगीवाल्यावर माझा राग नाही, त्याला जे पढवलं ते तो बोलला. राग आहे तो माझ्या शेजारी उभं राहून मिरच्या निवडणाऱ्या माणसावर. त्यानं मान हलवली आणि शांतपणे म्हणाला, "म्हंजी हात कच्चा हुता म्हना की." आणि पुन्हा मिरच्या निवडायला लागला. अर्ध्या घटकेत हे वाक्य सगळ्या बाजारात फिरलं. तुझा हात कच्चा! ज्याच्या टाक्याला धारूरपासून मोमिनाबादच्या छावणीपर्यंत नाव होतं, त्याचा!

मी पत्रकं काढतो म्हणून तू मला एक नाव ठेवलं होतंस. तू असतास तर म्हणाला असतास, "अबे छापखान्या, तू पैलेच चिडतो. आधी सांग तर लोकांना काय झालं ते."

सांगतो. तुझा जन्म, तुझं घराणं, तुझ्या मुलाबाळांची नावं हे मी लिहिणार नाही. धारूरला ते ठाऊक आहे आणि बाहेरच्याला त्याचं काही नाही. एवढंच लिहितो, की तू खोगिरं शिवायचास, लगाम शिवायचास, मोटेचं फाटलेलं कातडं सांधायचास. आमच्या जहागीरदारांचे धाकटे चिरंजीव, ज्यांना सगळा गाव छोटे सरकार म्हणतो, ते विलायतेत शिकायला गेले आणि तिथून शिक्षणापेक्षा एक नाद जास्त घेऊन आले. पायाला लांब लांब लाकडी फळ्या बांधायच्या आणि बर्फावरून घसरत जायचं. तेही पायवाट नाही, वस्ती नाही अशा डोंगरात. त्याचं विलायती नाव ते सांगायचे. तू त्याला घसरफळ्या म्हणालास आणि धारूरनं तेच उचललं. दर हिवाळ्यात छोटे सरकार काश्मीरला निघायचे. जालन्यापर्यंत गाड्या, पुढं रेल. सोबत आचारी, सोबत हमाल, आणि फळ्यांचं, बुटांचं, पट्ट्यांचं सगळं बघायला तू.

मी तुला पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, जाऊ नकोस. तू ऐकलं नाहीस. तुला त्या सामानाचं वेड लागलं होतं. खरं सांगू का, तुला ज्या गोष्टीचं वेड लागायचं ती बघायला मलाही गोड वाटायचं, आणि म्हणून माझा विरोध दरवेळी अर्ध्यावर मोडायचा.

ते वैशाखातलं दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दगड फुटेल असं ऊन. सगळं धारूर दारं लावून पडलेलं. आणि तू तुझ्या अंगणातल्या रिकाम्या पेवात कमरेपर्यंत उतरलेला, हातात विलायती फळी. ज्वारीचं पेव! तुला कुणीतरी सांगितलं होतं की उन्हाळ्यात ह्या फळ्या वाळल्या तर त्यांचा बाक जातो, आणि बाक गेला की त्या नुसत्या फळ्या. मग जमिनीखालच्या गारव्याला तुझ्याकडं एकच जागा होती. दोन फळ्या पाठीला पाठ लावून तू टोकाशी बांधायचास, शेपटाशी बांधायचास, आणि मधे बाभळीचा ठोकळा ठोकायचास, म्हणजे बाक ताणलेला राहतो. जैतूनभाभी दारातून ओरडत होत्या, "ज्वारी घरात उंदरं खायलीत, आन् तुमच्या लाकडाला पेव!" तू आतून म्हणालास, "ज्वारी काय, अगले साल फिर येईल. यह विलायतसे फिर नै आती."

"मग खावा लाकूड," भाभी म्हणाल्या.

आणि तू हसलास. पेवातून तुझं हसू घुमून वर आलं होतं.

गावातले लोक बघायला यायचे. कोणी विचारायचं, ह्याच्यावर मानूस उभा ऱ्हातो कसा? तू त्यांना खळ्यावर न्यायचास. ज्वारीच्या राशीवर दोन्ही तळहात आडवे ठेवून सरसर खाली घसरवायचास आणि मधेच मनगटं वळवून थांबवायचास. "असं वळायचं. असं थांबायचं." राशीवर पाय द्यायचा नाही म्हणून हात. पण चाँद, मला तेव्हा एक गोष्ट खटकली होती. घरात तीन जोड फळ्या होत्या. तू एकदाही पायाला बांधून दाखवली नाहीस. पोरं मागं लागली, म्हातारे मागं लागले. तू बांधली नाहीस.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. एकदा तुझ्या दुकानात लाकडी घोडीवर एका हवालदाराचं नवं खोगीर चढवलेलं होतं. मी गंमत म्हणून त्यावर टांग टाकून बसलो. तू असा धावून आलास, की मला वाटलं साप दिसला. दंडाला धरून खाली खेचलंस.

"उतर बे! गिऱ्हाईकाचं हाय!"

"तू तरी बसून बघितलंस ना? बसल्याशिवाय कळतं कसं?"

"आमच्या घरात कुणी बसलेला न्हाई. माझा बाप न्हाई बसला, बापाचा बाप न्हाई बसला. शिवायचं आमी. बसायचं त्यानं."

तुमच्या घराण्याचा नेम. गिऱ्हाईकासाठी केलेली वस्तू कारागिरानं अंगाला लावायची नाही, चाचणीलासुद्धा नाही. पहिली बैठक गिऱ्हाईकाची. त्यावर मी तुला भाषण दिलं, मला नवीनच पत्रकं लिहायची सवय लागली होती. जो शिवतो त्यालाच बसायची बंदी, हा कुठला न्याय, वगैरे. तू ओठात मेणाचा दोरा धरून ऐकत होतास. मग दोरा काढून म्हणालास, "तुझं पत्रक तू छापून आणतो. पैले तूच वाचतो का न्हाई? मग? हर धंद्याची अलग रीत." आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. आठव्या दिवशी माझी वहाण तुटली, तेव्हा न विचारता ती पायातून काढून घेतलीस आणि शिवून दिलीस. तुझी क्षमा अशी असायची.

तू मला किती दिलंस ते इथं लिहायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील हा मेलेल्याच्या नावानं नुसता सरकारला शिव्या देतो. आमची पत्रकं निजामाच्या मुलखात छापता येत नाहीत. ती नगरकडून छापून येतात, चकलांब्याच्या वाटेनं, आणि नाक्यावर झडती होते. तू मला एक पिशवी शिवून दिलीस, दुहेरी तळाची. तिचा खालचा तळ असा काही बसवला होतास, की शिपायानं तीन वेळा उलटी करून झटकली तरी त्याला फक्त माझ्या भाकरीचे तुकडे मिळाले. तू जहागीरदाराचं मीठ खात होतास आणि जहागीरदाराविरुद्धची पत्रकं तुझ्या टाक्याच्या आड प्रवास करत होती. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" तू म्हणालास, "मैं क्या जानूं आत काय हाय? गिऱ्हाईकाचं हाय."

त्या वेळी मी पोट धरून हसलो होतो.

तुझ्या कामाबद्दल दवंडीत खोटं सांगितलं, म्हणून तुझ्या कामाबद्दल थोडं खरं लिहितो. पहिल्या वर्षी तू चूक केली होतीस, आणि ती तूच सगळ्यांना सांगत सुटला होतास. मोटेच्या कातड्याला पाजतात तसं तू फळ्यांच्या पट्ट्यांना करडईचं तेल आणि चरबी भरभरून पाजलीस. इथल्या उन्हात ते बरोबर. तिथल्या थंडीत पट्टे सकाळी लाकडासारखे ताठ आणि दुपारी ओले होऊन ढिले. छोट्या सरकारांनी पट्टा तुझ्या तोंडावर फेकला म्हणे. तू तो तोंडावर बसलेला पट्टा उचललास, चावून बघितलास आणि म्हणालास, "तेल जादा झालं." त्या वर्षापासून तू तेल बोटावर घ्यायचास, तळहात चोळून गरम करायचास आणि कातड्यात जिरवायचास. एक जादा पट्टा, एक आरी आणि मेणाचा दोरा कायम जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाशी, म्हणजे थंडीनं कडक होत नाही. तुझं ते जाकीट! छावणीतल्या कुठल्याशा गोऱ्याचं उतरलेलं, पितळी बटणांचं. ईदेला ते घालून तू असा चालायचास, की जणू हैदराबादच तुझ्यामागं दरबार घेऊन येतंय.

डोंगर चढताना फळ्यांच्या तळाला केसाळ कातड्याची पट्टी बांधतात. तू माझा हात धरून त्या पट्टीवरून फिरवलास. एका दिशेनं हात सुळकन् गेला, उलट्या दिशेनं अडला. "घोड्याच्या पाठीसारखं," तू म्हणालास. "पुढं जाताना सोडतं, मागं येताना धरतं. समुद्रात एक जनावर असतं म्हनं, त्याचं हाय." काठ्यांसाठी तू बालाघाटातून भरीव वेळू निवडून आणलेस, पेर जवळ जवळ असलेले. त्यांच्या बुडाशी वेताचं एक कडं बांधलंस, काठी बर्फात रुतू नये म्हणून. जैतूनभाभींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर माझी घागरीखालची चुंबळच की." आणि तू मान्य केलंस, की कल्पना चुंबळीवरूनच आली. बुटांत बाजरीचा भुसा भरून तू ते आढ्याला टांगायचास. चरबीच्या वासानं उंदीर यायचे म्हणून एक मांजर पाळलंस. मांजरच चरबी चाटायला लागलं, ती गोष्ट वेगळी.

सहा बूट होते. दोन दोन करून आढ्याला लटकलेले. मी खाली बसून मोजले आणि तुझ्या पायांकडं बघितलं.

तो आपला शेवटचा वाद. दिवाळी झाली होती, दोन दिवसांनी तुम्ही निघणार होता. तू ओट्यावर बसून बुटाच्या शिवणीवर मेण घासत होतास. मी विचारलं, "तिथं तू पायात काय घालतोस?"

"तिथले लोक भाताच्या पेंढ्याचे जोडे विणतात. लई गरम. वरून पट्टी गुंडाळली की झालं."

"बर्फात पेंढा?"

"माझं काम डोंगराखाली हाय बे. खोपीत बसून पट्टे सुकवायचे. मी वर कशाला जातो?"

"आणि पाठवलं तर?"

"कावून पाठवतील? मी काय हमाल हाय?"

"चाँद, एक जोड बूट माग. तुझ्या मापाचा. आचाऱ्याला माग, हमालाला माग. एवढं तर माग."

तू मेण घासायचा थांबलास. माझ्याकडं न बघता म्हणालास, "मागितलं की नोकर झालो. मागत न्हाई तवर कारागीर हाय."

मला उत्तर सुचलं नाही. मला! जो चावडीवर तहसीलदाराला निरुत्तर करतो असं तूच लोकांना सांगायचास. मी चिडून उठलो आणि म्हणालो, "मग मर तिकडं थंडीनं." माणूस रागात बोलतो तसं बोललो. तू मागून ओरडलास, "अबे, वहाण तर घालून जा!" मी अनवाणीच निघालो होतो. दोघंही हसलो. वाद तसाच राहिला.

पुढचं मला केरबा आचाऱ्यानं सांगितलं. केरबा धर्मापुरीचा, तुमच्या सोबत चार हिवाळे गेलेला. परत आल्यावर त्यानं सरकारचा वाडा सोडला आणि लग्नाचे स्वयंपाक करायला लागला. मी त्याला धर्मापुरीतच गाठलं, देवळामागं पंगतीचं वरण रटरटत होतं. तो पळीनं ढवळत राहिला आणि माझ्याकडं न बघता बोलत राहिला.

"रातभर बर्फ पडलं हुतं. सकाळी उगडलं. छोटे सरकार म्हनले, वर जायचं, डब्बा वर खायचा. खोपीपस्तोर समदे गेलो. सरकार खोपीच्या लगेच वरल्या टेपाडावर चढले, मागनं आमी, चाँदबी. पायातल्या फळ्या सोडल्या आन् बर्फावर आडव्या टाकल्या. त्या उभ्या रोवायच्या असत्यात. ह्यांनी आडव्या टाकल्या. म्हनले, चहा. म्या वतला. तवर एक फळी निगाली की आपली आपण. सुळ्ळकन घळीत."

"मग?"

"मग काय. सरकार हासले. म्हनले, चाँद, जा रे, आण."

"तिथला कुणी माणूस नव्हता?"

"हुता की. हमाल, तिथलाच. त्याची बोली आपल्याला कळत न्हाई. पर तो आडवा हात करून नको नको म्हनत हुता. वरल्या कड्याकडं बोट दाखवीत हुता. म्या चाँदला म्हनलो, खोपीत दुसरी जोडी हाय, बुटं हायती, ती घाल आन् जा. फळीवर मानूस रुतत न्हाई. तो म्हनला..."

"गिऱ्हाईकाचं हाय," मी म्हणालो.

केरबानं पळी थांबवली. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुमी तर तिथं न्हवता."

"आणि सरकार? त्यांनी ऐकलं?"

"हातभर लांब बसले हुते. ऐकलं की."

"काय म्हणाले?"

"साखर मागितली."

चाँद, त्यांनी एवढंच म्हणायचं होतं: घाल रे माझे बूट. गिऱ्हाईकानं स्वतः सांगितलं असतं तर तुझा नेम मोडला नसता. तू घातले असतेस. कदाचित चोरून खूशही झाला असतास. एका माणसाचा जीव आणि चहातली साखर यांच्यात त्यांच्या तोंडाला साखर आधी आठवली.

पेंढ्याच्या जोड्यांनी तू घळीत उतरलास. मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत रुतलास. केरबा सांगतो, तू हातांनी एक पाय उपसत होतास आणि वर बघून ओरडून काहीतरी चेष्टा करत होतास. काय ते ऐकू आलं नाही. मग वरच्या कड्यावरचं बर्फ सुटलं. आवाज झाला तो पोत्यातून ज्वारी ओतावी तसा, केरबा म्हणाला, फक्त लई मोठा. आणि तू दिसेनासा झालास. तिथल्या लोकांनी लांब काठ्या खुपसून खुपसून तुला शोधलं, तिथल्याच कबरस्तानात ठेवलं. ते अनोळखी लोक तुझ्या जनाज्याला आले. छोटे सरकार आले नाहीत, त्यांना थंडी बाधली होती.

बूट आणि फळ्या असत्या तर तू वाचला असतास का? मला बर्फ कळत नाही, मी छातीठोक सांगणार नाही. पण जो रुतला नसता तो बाजूला झाला असता, एवढं केरबाला कळतं आणि मलाही.

आता ह्या सगळ्यात पट्टा कुठं आला? तू फळ्या घातल्याच नव्हत्या. न बांधलेला पट्टा तुटला कसा? मी हे जहागीरदारांच्या कारभाऱ्याला चावडीवर, चारचौघांत विचारलं.

कारभारी पान जुळवत होता. म्हणाला, "तू गेलतास का तिथं?"

"नाही."

"मीबी गेलो नव्हतो. मग तुझ्यात आन् माझ्यात फरक काय? मला हुकूम आलाय. तुला आला न्हाई."

लोक हसले. तुझ्या गावचे लोक, चाँद. ज्यांच्या बैलांच्या जुवाचे पट्टे तू सांधलेस ते.

कारण उघड आहे. बर्फात पेंढ्याचे जोडे घालून नोकर पाठवला, ही गोष्ट हैदराबादेत कुणाच्या कानावर गेली तर छोट्या सरकारांच्या नावाला बट्टा. कारागिराचा टाका उसवला, ही गोष्ट कुणाच्याही कानावर गेली तरी चालते. कारागीर काय, पुष्कळ. पण ह्या एका खोट्यानं तुझ्या घराचं काय झालं, ते ऐक. पाटलानं अर्धं शिवलेलं खोगीर उचलून नेलं. मोटेचं कातडं घेऊन कुणी ओट्यावर चढत नाही. तुझा भाऊ करीम दिवसभर लाकडी घोडीशेजारी बसून असतो, घोडीवर काही नसतं. कारभाऱ्याची माणसं आली ती पेवात राहिलेली जुनी जोडी न्यायला. जैतूनभाभी पेवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मानूस नेला तो आणला न्हाई. लाकडं बरी आठवली." ती माणसं खाली मान घालून फळ्या घेऊन गेली.

आणि आता कारभाऱ्यानं करीमला निरोप धाडलाय: पुढच्या हिवाळ्याला तू चल. भावाच्या हातून कसूर झाला, तो तू भरून काढ. करीम जायला तयार झालाय. मी त्याला शिव्या दिल्या. तो म्हणाला, "दादा, चूल पेटायची कशानं?" मी म्हटलं, निदान बूट माग. त्यानं काय उत्तर दिलं असेल ते तुला सांगायला नको. तुमच्या घरात सगळे एकाच बापाचे.

म्हणून चाँद, त्या दिवशी ओट्यावर सुचलं नव्हतं ते उत्तर आज देतो. तू चुकलास. मागितल्यानं माणूस नोकर होत नाही. तू नोकर झालास तो त्या क्षणी, जेव्हा "जा रे" ऐकून तू उठलास आणि बुटांकडं बोटही केलं नाहीस. तुझा नेम खोगिराला ठीक होता. खोगिरावर बसलं नाही म्हणून कुणी मरत नाही. पण ज्या वस्तूवाचून जीव जातो ती वस्तू एकट्या गिऱ्हाईकाची कशी असेल? तुझ्या बापानं बर्फ बघितलं असतं तर त्यानं नेम बदलला असता. तू बघितलंस आणि बदलला नाहीस. ह्याचा मला तुझ्यावर राग आहे, आणि तो जाणार नाही. तू समोर असतास तर आणखी आठवडाभर बोलला नसतास, मी ते चालवून घेतलं असतं.

तुला जे सांगायचं ते सांगून झालं. उरलेलं वाचणाऱ्यासाठी आहे.

धारूरच्या माणसा, अक्षय्य तृतीयेला कारभारी चावडीवर बसेल. सालाची माणसं ठरवायचा तो दिवस. तबकात विडे असतील, आणि हिवाळ्याच्या सफरीसाठी करीमला आणि आणखी चौघापाचांना विडा उचलायला सांगतील. जो उचलेल तो बांधला गेला. मी तिथं असेन, पण मला शिपाई आधीच बाहेर काढतील, तेव्हा माझ्या भरवशावर राहू नकोस. तू ये. मिरच्या निवडणाऱ्या, तूही ये. करीमच्या शेजारी उभा राहा. त्याचा हात विड्याकडं गेला की मनगट धर, सोडू नकोस. तो मागणार नाही, त्याच्या घरात मागत नाहीत. त्याच्या वतीनं तू माग. आधी बूट आणून ठेवा म्हण, इथं, चावडीवर, सगळ्यांदेखत. त्याला ते पायात घालायला लाव. आणि ते त्याच्या मापाचे आहेत का, हे तू स्वतः खाली वाकून, अंगठा दाबून बघ.